बोअरच्या पाण्याने हीट पंप बिघडला, कंपनी वॉरंटी नाकारते

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. सांगलीजवळ आमचं दोन मजली घर आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत डीलरच्या सल्ल्याने १,६५,००० रुपयांचा ३०० लिटरचा हीट पंप (पाणी तापवण्याचं यंत्र) बसवला. डीलर घर पाहून गेला होता, पाणी बोअरचं आहे हे मी त्याला सांगितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘मेंटेनन्स काही नाही’ असं लिहिलं आहे. चौदा महिन्यांनी मशीन वारंवार ट्रिप होऊ लागलं. इंजिनिअर म्हणतो, हीट एक्स्चेंजरमध्ये (पाण्याला उष्णता देणाऱ्या भागात) क्षार साचलेत, वॉरंटी लागू नाही, ४८,००० रुपये खर्च येईल. वॉरंटी दोन वर्षांची आहे. पण जड (जास्त क्षारांचं) पाणी चालणार नाही आणि दर सहा महिन्यांनी क्षार काढून घ्यावेत, अशा अटी कार्डावर बारीक अक्षरात आहेत. ते कार्ड मशीन बसवल्यानंतर मिळालं. वरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या आहेत. कंपनी गुजरातेतली आहे. मी काय करावं?

उत्तर: सर, आधी एक विनंती. दुरुस्तीला लगेच होकार देऊ नका. मशीन उघडून जुना एक्स्चेंजर एकदा कंपनीने नेला, की तुमच्या हातात पुरावा म्हणून काहीच उरत नाही. तोवर साधा गीझर लावा आणि त्याचं बिल जपून ठेवा, तो खर्चही मागता येतो.

इंजिनिअरचं निदान बहुधा बरोबर असावं. जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट गरम पृष्ठभागावर धरतो. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, मशीनमधल्या गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी मशीन स्वतःच बंद पडतं. म्हणून तक्रारीत ‘मशीनमध्ये उत्पादनदोष आहे’ हा मुख्य मुद्दा करू नका. अशा तक्रारी तिथेच अडकतात: कंपनी तज्ज्ञाचा अहवाल मागते आणि ग्राहकाकडे तो नसतो. तुमचा मुद्दा वेगळा आणि जास्त भक्कम आहे. हे पाणी या मशीनला चालणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं आणि पैसे घेण्यापूर्वी त्याने ते सांगायला हवं होतं.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडवणं ही त्रुटीच, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. जोडीला माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ आहे. गरज सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेली वस्तू त्या गरजेला योग्य असली पाहिजे, ही अट त्यात गृहीत धरली आहे. इथे एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही ठरावीक ब्रँडचं नाव घेऊन मशीन मागितलं होतं, की निवड डीलरने केली? नाव घेऊन मागितलं असेल तर कंपनी त्याच कलमातल्या अपवादाचा आधार घेईल. तुमच्या पत्रावरून निवड डीलरची दिसते. तसं असेल तर ते तक्रारीत ठळकपणे लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ते कोटेशन तुमचा सर्वांत मोलाचा कागद आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवालात एकूण कठीणपणाचा, म्हणजे पाणी किती जड आहे याचा आकडा हवा, नुसता टीडीएस (विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं एकूण प्रमाण) पुरणार नाही. ‘पाणी पिण्याला चालतं, मग मशीनला का चालू नये’ असं ऐकायला मिळेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. मशीनची मर्यादा मात्र त्याच्या मॅन्युअलमध्ये असते, तुलना तिच्याशी करा.

कार्डावरच्या अटींबद्दल मांडणी जपून करा. ‘ही अट अन्यायकारक म्हणून रद्द करा’ असं जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागू नका; तो अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आहे. त्याऐवजी म्हणा की पैसे दिल्यानंतर हाती आलेली अट आमच्या व्यवहाराचा भागच नव्हती. तरीही मनाची तयारी ठेवा. कार्ड वर्षभर घरात होतं, एकदाही क्षार काढले नाहीत, हे समोरचा वकील नक्की बोलेल आणि त्यापोटी भरपाई थोडी कापली जाऊ शकते.

भाडेकरूंचा मुद्दाही निघेल: ‘वापर व्यावसायिक आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही.’ त्याने घाबरू नका. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात, २०१९ साली, सर्वोच्च न्यायालयाने खरेदीमागचा प्रमुख हेतू पाहिला आणि ट्रस्टला ग्राहक मानलं. तुमचं मशीन तुमच्या घरासाठी आहे. पण भाडेकरू लपवू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा.

कंपनी गुजरातेत असली तरी तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात चालते. तुम्ही राहता तिथे दाखल करण्याची सोय ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये आहे. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मशीन पहिल्यांदा बंद पडलं त्या दिवसापासून ती मोजा. नोटीस पाठवल्याने किंवा ‘बघतो, करतो’ अशा फोनमुळे मुदत वाढत नाही. पंधरा दिवसांची लेखी नोटीस आधी जरूर द्या, जमल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद करा. अनेकदा तेवढ्यावर कंपनी बोलायला येते.

‘भाग फुकट, मजुरी तुमची’ असा प्रस्ताव आला, तर माझ्या मते तो घ्यावा. हिवाळ्यात घरात गरम पाणी असणं तुमच्या वयाला जास्त गरजेचं आहे. मात्र नव्या भागाची वॉरंटी किती, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा कमी करणारं उपकरण) कोण बसवणार, क्षार किती महिन्यांनी आणि किती रुपयांत काढून देणार, हे कंपनीच्या लेटरहेडवर आल्याशिवाय ‘पूर्ण व अंतिम समझोता’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका.