सोसायटीतली जुनी झाडं वाचवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दर ५ जूनला सोसायटीत रोपं लावता, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत निम्मी रोपं वाळून जातात. त्यात आता पार्किंगमधला मोठा पर्जन्यवृक्ष ‘गाड्या घाण करतो’ म्हणून काढून टाकायची भाषा सुरू झाली आहे. मी पुण्यात राहते आणि आमच्या गल्लीतल्या झाडांमागे लागलेल्या मंडळींपैकी एक आहे. माझं ऐकाल तर यंदा एकही रोप लावू नका. जी उभी आहेत त्यांची आधी नीट नोंद करा.

नोंद म्हणजे फार काही नाही. शिलाईची टेप आणि एक वही घ्यायची. झाडाचं नाव, जागा, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर, बुंध्याची अवस्था आणि दोन फोटो. मुलं हे काम आनंदाने करतात. पण खरा ऐवज मिळतो तो जुन्या रहिवाशांकडून. ‘हे झाड कोणी लावलं हो काका?’ एवढं विचारलं की कपाटातले अल्बम बाहेर येतात आणि बारशाच्या किंवा नव्या स्कूटरच्या फोटोत मागे तेच झाड दिसतं. तो फोटो जपून ठेवा, कारण कायद्यात वयाला किंमत आहे. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं, आणि परवानगी घेऊन झाड तोडलं तरी त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. अर्जात कोणी पंचेचाळीस वर्षांच्या झाडाला ‘अंदाजे वीस’ लिहिलं, तर ते खोडून काढायला तुमच्या हातात काहीतरी हवं ना!

आता लोक गोळा करण्याचं. व्याख्यानाला चार माणसं येतात, बहरलेल्या झाडाखाली चहा ठेवला तर चाळीस. म्हणून आम्ही सण झाडांच्या पंचांगाप्रमाणे धरतो. फेब्रुवारी-मार्चात काटेसावर आणि पळस, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण, पावसाळा संपला की सप्तपर्णी (तिच्या वासाने काहींचं डोकं दुखतं, त्यांना आग्रह करू नये). थोडं नाटक केलं तरी चालतं. २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपद चक्क वडाला दिलं होतं. वटपौर्णिमा तर आयतीच हाताशी आहे, पण फांद्या विकत आणून कुंडीत खोचण्याऐवजी जवळच्या उभ्या वडाकडे सगळ्याजणी मिळून जा. पूजा झाल्यावर खोडाभोवतीचे दोरे काढायचं कामही तिथेच वाटून घ्या. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्याबद्दल मुलांना सांगितलं की मुलं घरच्यांना गप्प करतात.

या ओळखीचा उपयोग होतो तो नोटीस लागते त्या दिवशी. परवानगीचा अर्ज आला की महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि झाडावरही कागद चिकटवला जातो. हरकत घ्यायला मुदत सात दिवसांची. हा कागद पहिल्यांदा कोण वाचतं? रोज त्या झाडाखालून जाणारा आणि त्याला नावाने ओळखणारा माणूस. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सोबत वहीतलं पान जोडा. भावनेपेक्षा ‘फांदीची छाटणी पुरेशी आहे, झाड काढायची गरज नाही’ असा मुद्दा जास्त टिकतो. आणि हो, झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी परवानगी लागतेच. कमिटीचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे.

कुऱ्हाडीने मरतात त्याहून कितीतरी झाडं आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू मरतात, आणि माझा खरा राग तिथे आहे. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट बुंध्याला भिडवतात. पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच जास्त असतात, त्यांचा श्वास कोंडतो. गटार किंवा केबल टाकताना एका बाजूची मुळं तोडतात. मग पावसाळ्याआधी ठेकेदार येतो आणि गाडी उभी राहील त्याच बाजूच्या फांद्या उतरवतो. जूनच्या वाऱ्यात असं एका अंगाला झुकलेलं झाड पडलं की सगळे म्हणतात, ‘जुनंच झालं होतं.’ दिल्लीसाठी हरित लवादाने २०१३ सालीच झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या आवारात तेवढं तरी करा. एका रविवारी बुंध्याभोवतीचे ब्लॉक उचला, आळं करा, त्यात झाडाचीच पडलेली पानं घाला. जाहिरातींचे खिळे काढणं हा दुसरा चांगला कार्यक्रम. पिंपरी-चिंचवडच्या ‘आंघोळीची गोळी’ या गटाने त्याची मोहीमच केली होती. कटावणी आणि पक्कड लागते, आणि लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

राहिला तुमचा पर्जन्यवृक्ष. ‘तो परदेशी आहे, जाऊ दे’ असंही कोणी म्हणेल. मूळचा अमेरिका खंडातला, खरं आहे. नवीन लावताना करंज, बकुळ, ताम्हण लावा, पण उभ्या झाडाला पासपोर्ट मागू नका. गाड्यांवर नेमकं काय पडतं ते आधी बघा. चिकट थेंब असतील तर बहुधा पिठ्या ढेकूण लागलाय. मुंबईत या किडीने कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळवले आहेत, त्यामुळे उद्यान विभागाकडे लगेच लेखी कळवा. नुसती पानं-फुलं असतील तर झाडाखालच्या पार्किंगच्या जागा दर तीन महिन्यांनी सोडत काढून फिरत्या ठेवा. सोडत मेमध्ये काढू नका मात्र, तेव्हा सावलीतल्या जागेसाठी भांडणं होतात.