वरच्या दुधाबद्दल

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

"मावशी, पावडरचं दूध सुरू केलं," हे तू फोनवर इतकं हळू सांगितलंस की माझ्या पोटात तुटलं. पाच आठवड्यांचं बाळ, वजन वाढत नव्हतं, डॉक्टरांनीच वरचं द्यायला सांगितलं. तू लेकराचं पोट भरलंस. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी, म्हणजे आयांनी दान केलेल्या दुधाची बँक, काढली, तीही आईचं दूध न पुरणाऱ्या बाळांसाठीच. दूध कमी पडणारी तू पहिली नाहीस.

आता तुझं दूध जपू. बाळ जितकं ओढेल तितकं ते येतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंना पाज, मगच वाटी-चमच्याने वरचं दे. एखाद्या वेळी नुसतं वरचंच दिलंस, तर तेवढ्यात हाताने किंवा पंपाने दूध काढून घे. आणि रात्रीचं अंगावरचं सोडू नकोस. सासूबाई मायेने म्हणतील, "तू झोप, मी बाटली देते." पण पान्हा टिकवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्रीच जास्त असतं. रात्रीचं पाजणं सुटलं आणि हळूहळू दिवसाचंही आटलं, अशा कितीतरी बाळंतिणी मी वॉर्डात पाहिल्या. सासूबाईंना दुपारी बाळ घ्यायला सांग आणि तेव्हा गाढ झोप.

पावडरीचं माप डब्यावरचंच. डबा पुरवायला पातळ केलेल्या दुधावर खंगलेली बाळं मी हातात घेतली आहेत, म्हणून इतकं बजावते. आधी पाणी, मग सपाट चमचा. बंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. त्यामुळे उकळलेलं पाणी निदान ७० अंश गरम असतानाच ती घाल, मग दूध निववून मनगटावर थेंब टाकून बघ. कालवलेलं २ तासांत संपव. उष्टं राहिलं तर ओतून दे, जीव हळहळला तरी.

मध, गाईचं दूध वर्षाच्या आत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पोट भरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नकोस. दिवस-रात्रीत सहा तरी दुपटी ओली होतात का ते मोज, आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन कर. ते नीट चढू लागलं की वरचं थोडं थोडं कसं कमी करायचं, ते डॉक्टरांना विचार.

सोमवारी वजन झालं की लगेच कळव. मी फोनजवळच असेन.

तुझी मावशी