लेकीला व्हिएतनामला जाऊन फोटो काढायचेत, पाठवू का?

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे तुमचं कराडला किराणा दुकान, लेक कमर्शिअल आर्टच्या शेवटच्या वर्षाला, आणि मोबाईलवर व्हिएतनामचे फोटो बघून बघून तिने ठरवलंय की तिकडचे कारागीर, सण, खेडी यांचे फोटो काढायचे आणि हेच करिअर करायचं. त्यासाठी बारा दिवसांची फोटो टूर, टूरचेच दीड लाख, वर नवीन कॅमेरा आणि ड्रोन. तुमच्या मनात मात्र तिने एमबीए करावं असं. तुम्ही विचारलंय, यात पोट भरतं का, की नुसता फिरायचा नाद आहे?

पोटाचं सांगते, पण आधी पत्रासोबत तिने जो आवडता फोटो पाठवलाय त्याबद्दल बोलू. लालभडक काड्यांच्या जुड्या फुलासारख्या पसरल्यात आणि मधोमध शंकूसारखी टोपी घातलेली बाई. हे गाव क्वांग फू काउ, हनोईपासून साधारण 35 किलोमीटर. तिथे बांबू चिरून उदबत्तीच्या काड्या करतात, रंगात बुडवून उन्हात वाळवतात, आणि तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष जवळ आलं की कामाची नुसती झुंबड. काम खरंय. पण ज्या अंगणात हा फोटो निघतो तिथे आता आत जायचे पैसे पडतात, जुड्या फोटोसाठीच मांडलेल्या असतात, कधी देशाच्या झेंड्याच्या आकारात, आणि मध्ये बसायला माणूसही मिळतं. गावाला चार पैसे मिळतात, मिळू देत, माझं काही म्हणणं नाही. पण तोच फोटो आधीच हजारो लोकांकडे असताना तुमच्या लेकीकडून तो कोण आणि कशाला विकत घेईल?

आता तुमच्या दुकानाकडे येते, कारण मला खरी गोष्ट तिथेच दिसते. अगरबत्तीचा पुडा घ्या, त्यातली काडी बघा. कित्येक वर्षं आपल्या अगरबत्तीची काडी मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामहून यायची, बिनरंगाची, मशीनवर काढलेली गोल काडी, आणि क्वांग फू काउचा मालही भारतात यायचा. मग ऑगस्ट 2019 मध्ये आपल्या सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि जून 2020 मध्ये बांबूच्या काडीवरची ड्युटी 10 टक्क्यांवरून 25 टक्के केली, म्हणजे इकडे दिल्लीत एक कागद निघाला आणि तिकडे त्या गावातल्या घरांना झळ बसली. लाल अंगणाच्या फोटोत हे कुठेय? ही बिनरंगाची काडी कोण करतं, गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी काय केलं, मशीन कुणी विकलं, कोण हनोईला कामाला गेलं, हे विचारायला कराडच्या किराणावाल्याची पोरगी गेली तर तिच्याकडे असा प्रश्न असेल जो टूरमधल्या बाकी कुणाकडे नसणार. मी तिच्या जागी असते तर उद्याच कामाला लागले असते.

सांगायचं हेच की फोटोच्या या लाईनमध्ये कॅमेऱ्याचे पैसे मिळत नाहीत, माहितीचे मिळतात. बारा दिवसांच्या टूरमध्ये माहिती मिळत नाही, मांडलेला देखावा मिळतो. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यांनी लादलेली सायकल घेऊन जाणारे आजोबा तिने पाहिलेच असतील, त्या फोटोसाठी सायकल बऱ्याचदा मुद्दाम लादलेली असते. आणि 2019 चं दुबईच्या फोटो स्पर्धेचं प्रकरण तिला शोधायला सांगा. व्हिएतनाममधल्या एका आईच्या फोटोला 1,20,000 डॉलरचं बक्षीस मिळालं आणि मग पडद्यामागचा फोटो बाहेर आला, तर त्या माउलीभोवती कॅमेरेवाल्यांचा घोळका. फोटोग्राफर म्हणाला मी काही मांडलं नव्हतं, पण व्हायची ती चर्चा झालीच.

एक गाव तिला आवर्जून सांगा, लाय सा, हनोईच्या कडेलाच. तिथली परंपरागत कला कोणती, तर फोटोग्राफी! खान की नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावच्या माणसाने 1892 मध्ये हनोईत स्टुडिओ काढला, गावातल्या पोरांना हाताशी घेऊन शिकवलं, आणि मग या गावचे लोक ठिकठिकाणी स्टुडिओ काढत गेले. आता तिथे फोटोग्राफीचं म्युझियम आहे. इतर हस्तकला टिपायला आलेले फोटोवाले यावरून कसे काय पुढे जातात मला कळत नाही.

व्हिएतनामच्या दक्षिणेला चाम नावाच्या अल्पसंख्याक समाजाचं बाउ ट्रुक गाव आहे, मातीची भांडी करणारं. आपल्याकडे कुंभाराचं चाक फिरतं, तिथे चाकच नाही, बाई स्वतः भांड्याभोवती पाठमोरी फिरते. 2022 मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घेतली. ज्याने आपल्या कुंभारवाड्यात चार दिवस बसून पाहिलंय त्याला हा फरक लगेच दिसेल, नाहीतर नुसती आणखी एक म्हातारी आणि माती.

आता पोटाचं. नुसत्या अशा फोटोंवर पहिली काही वर्षं घर चालत नाही, खोटं कशाला सांगू. मासिकं थोडे देतात, तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक साईटवर तर चिल्लर. पैसे येतात ते संस्था, म्युझियम, हातमागाचे ब्रँड यांच्या कामातून, आणि आपल्याकडे लग्नातून. लग्नाला नाक मुरडू नका म्हणावं, कारण कॅलेंडर मस्त जुळतं. पितृपक्षात इकडे लग्नं बंद, आणि साधारण त्याच दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरला, व्हिएतनामच्या उत्तरेला मू कांग चायच्या डोंगरात भाताच्या पायऱ्या पिवळ्या होऊन कापणीला येतात. त्यांच्या मध्य-शरद सणाची कंदिलांची पौर्णिमासुद्धा बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदातलीच असते, कधी कोजागिरीची. तेत मात्र जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत, ऐन सीझनला, तेव्हा कमाई सोडून जायची तयारी हवी.

शिकायचंच असेल तर एनआयडी या सरकारी डिझाईन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाईनचं एमडेस, म्हणजे मास्टर डिग्री आहे, दिल्लीत जामिया विद्यापीठात स्टिल फोटोग्राफीचा पीजी डिप्लोमा. आणि शेजारच्या कंबोडियात सिएम रीपला आंगकोर फोटो फेस्टिव्हलची वर्कशॉप 2005 पासून आशियातल्या नव्या फोटोग्राफरांसाठी शिकवायची फी न घेता चालत आलीय, निवड पोर्टफोलिओवर, म्हणजे आपल्या निवडक फोटोंवर. ड्रोन घेऊ नका, व्हिएतनाममध्ये उडवायला आधी परवानगी लागते, सहज नेऊन उडवायची वस्तू नाही ती. तिथला ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एका एंट्रीचे 25 डॉलर. पत्रकार म्हणून काम करायचं तर तो चालत नाही, वेगळी परवानगी लागते.

म्हणून माझं मत, दीड लाख टूरला नको. आहे त्याच कॅमेऱ्यावर, एकच गाव, सहा आठवडे, आणि उरलेले पैसे भाषा जाणणाऱ्या स्थानिक पोरीला दुभाषी म्हणून. एमबीएचा विषय वर्षभर बाजूला ठेवा, ते कुठे पळून जात नाही. पण तिकीट काढण्याआधी तिला दोन कामं द्या. दुकानात येणारी अगरबत्ती कोणत्या कारखान्यातून येते ते तुमच्या डिस्ट्रिब्युटरला विचारायचं, आणि त्या कारखान्यात जाऊन काडी आता कुठून घेतात, 2019 आधी कुठून घ्यायचे, हे विचारून फोटोंसकट दोन पानं लिहून मला पाठवायची. कंटाळली, तर टूरला बहीण-भावंडांसोबत सुट्टीत जाऊ दे. दोनाची दहा पानं झाली, तर फोन करा, मग आपण सहा आठवड्यांच्या खर्चाचा हिशोब घेऊन बसू.