चुलत्यांनी रात्रीत हद्दीचा दगडी गडगा सरकवला, तेव्हापासून झोप नाही. माफ केलं तर ताण खरंच कमी होतो का?

हो, होतो. पण आधी हे डोक्यातनं काढा की माफ केलं म्हणजे जागा सोडली. भूमी अभिलेखला हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका, मोजणीच्या दिवशी हजर राहा, सगळं करा. माफी ही तुमच्या जिवासाठी आहे, काकांना कळवायचीपण गरज नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या होप कॉलेजात ७१ जणांवर प्रयोग झालेला. ज्याने दुखावलं त्याच्याबद्दल एकदा डूख धरून विचार करायचा, एकदा त्याची बाजू समजून माफ करण्याचा. डूख धरला की हार्टबीट आणि बीपी वाढलं, घाम वाढला, भुवया आकसल्या, आणि विचार थांबवल्यावरसुद्धा शरीर लगेच शांत झालं नाही. तुम्ही रात्री अंथरुणात पडून गडग्याचा एकेक चिरा मोजत बसता ना, तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं आणि काका तिकडे आरामात घोरत असतात.

चतुर्थीला मूळ घरात एकाच आरतीला उभे राहून एकमेकांकडे न बघणारे भाऊ मी आपल्याकडे खूप बघितलेत, जीव तुटतो अगदी.

एक करा, काकांच्या बाजूने सगळी हकीकत कागदावर लिहा, त्यांना कसली भीती असेल, पोरांच्या वाटणीची का अजून कसली. पटायला पाहिजे असं नाही, नुसतं लिहा. आणि घाई नको, मारहाण-धमकीपर्यंत गेलं असेल तर आधी पोलीस, माफीचं नंतर. झोप तरीही येत नसेल तर डॉक्टरला दाखवा, बीपी तपासून घ्या.