मराठी मीडियमची आहे, मला बाहेर कोण घेणार?

मागच्या पावसाळ्यात कराडकडची एक मुलगी माझ्याकडे सल्ल्याला आली होती, नुकतीच एमए इंग्लिश झालेली, सोबत वडील, आप्पा. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, बारावीपर्यंत मराठी मीडियम, उच्चार गावाकडचे, मला बाहेरच्या देशात इंग्रजी शिकवायला कोण घेणार?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की उत्तर तोंडपाठ आहे, पण ती सारखी फोन उलटा करून ठेवत होती म्हणून मी जरा थांबले.

आप्पा चहाला खाली गेले तेव्हा खरं बाहेर आलं. एका एजंटला २० हजार टोकन देऊन बसली होती, घरी न सांगता, ट्यूशनच्या पैशातून. बँकॉकला शाळेत नोकरी, एकूण १ लाख ८० हजार, आता टूरिस्ट म्हणून चल, व्हिसाचं तिकडे गेल्यावर बघू. शाळेचं नाव काय? माहीत नाही. इंटरव्ह्यू कोणी घेतला? कोणीच नाही. म्हटलं, अगं मग तुला काहीच खटकलं नाही? तर म्हणते, "खटकलं ना, पण माझं इंग्लिश ऐकून कोणी नाही म्हणण्यापेक्षा हे बरं वाटलं."

म्हणजे बघा, इंटरव्ह्यू नाही म्हणूनच तिला तो एजंट आवडला होता.

मग आधी ती भीती बाजूला ठेवून कागद घेतला. खोटा धीर मी देत नाही, मीडियमचा अडथळा काही ठिकाणी खराच आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवायच्या व्हिसाला, इंग्रजी मातृभाषा नसेल तर साधारण १२ वर्षं इंग्रजीतून शिक्षण दाखवावं लागतं, ते तिच्याकडे नाही, संपलं. कोरियाचा इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन वगैरे ७ देशांसाठी, भारतीयांना २०१० च्या व्यापार करारामुळे सरकारी शाळांपुरती वाट आहे पण शिक्षकाची पात्रता हवी, म्हणजे आपल्याकडे बीएड, ते तिचं झालेलं नाही. राहिलं थायलंड. तिथे तुमचं मीडियम कोणी विचारत नाही, डिग्री आणि इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर बघतात, टोइकला ६०० च्या पुढे वगैरे. शाळा आधी ऑफर देते, त्या कागदांवर भारतातूनच नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काढायचा, पुढे कुरुसभा म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी आणि वर्क परमिट. टूरिस्ट म्हणून जाऊन वर्गात उभं राहणं बेकायदा, आणि अडकते ती मुलगी, एजंट नाही.

परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंदणी असते त्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटचं नाव शोधलं, नोंदणीच नव्हती. नोंदणी असलेल्याला सुद्धा ३० हजार अधिक जीएसटी याच्या वर सर्व्हिस चार्ज घेता येत नाही, हे ऐकून आप्पा (तोपर्यंत ते वर आले होते आणि सगळं सांगून झालं होतं) एकदम गप्प झाले. मी त्यांना म्यानमारचं पण सांगितलं, २०२२ मध्ये थायलंडच्या नोकरीच्या नावाने बोलावलेली आपली पोरं सीमेपलीकडे म्यावडीच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेली होती, परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली होती. घाबरवायला नाही हो, पण शाळेचं नाव न सांगणारा माणूस म्हटल्यावर मी हे सांगतेच. आप्पा मुलीला एवढंच म्हणाले, "वीस हजार गेले तर जाऊदेत, मला सांगायचं होतंस."

पैसे परत आले नाहीत, तक्रार केलीय.

सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवायचा सर्टिफिकेट कोर्स, करू का म्हणून विचारत होती, कोर्स चांगलाच आहे, १२० तास आणि त्यात ६ तास खरे विद्यार्थी समोर घेऊन शिकवायचं, पण खर्चिक आहे, म्हटलं आधी इथे शिकव. जूनपासून जवळच्या शाळेत पाचवी-सहावीला जाते, टोइकची तयारी चालू आहे, आणि थायलंडच्या शाळांना स्वतः मेल करते, सोबत पाच मिनिटांचा वर्गाचा व्हिडिओ. दोघांनी नाही म्हणून कळवलं, बाकीचे उत्तरच देत नाहीत. परवा रात्री मेसेज आला, "मॅडम पहिला ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला, घेतलं नाही, पण पाऊण तास बोलले मी त्यांच्याशी, दुसऱ्या शाळेचा गुरुवारी आहे."