ब्राउझर बदलू का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: क्रोम फार मंद झालाय. फायरफॉक्सवर गेलो तर वेग वाढेल का?

सुरुवातीला वाढल्यासारखा वाटेल, कारण नवा ब्राउझर रिकामा असतो. तीच एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा साधनं) आणि तेच ढीगभर टॅब तिकडे नेलेत की ये रे माझ्या मागल्या. आधी विंडोजवर क्रोम उघडून शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलंत की सगळ्यात खादाड कोण ते वर येतं. कधीतरी कूपनांसाठी घातलेलं आणि मग विसरून गेलेलं एखादं एक्स्टेन्शन तिथे हमखास सापडतं. ते काढा आणि दोन दिवस वापरून बघा. तरीही रडतखडतच चालला, तर खुशाल बदला.

प्रश्न: क्रोमने माझा जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन बंद केला. जाहिरातींनी जीव नकोसा केलाय.

हे मात्र बदलण्याचं सबळ कारण. गूगलने एक्स्टेन्शन्ससाठी ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नवी नियमावली आणली. पूर्वी ब्लॉकर पानाकडून जाणारी प्रत्येक विनंती स्वतः तपासून तिथल्या तिथे अडवत असे. आता त्याने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझरने करायचं. या चौकटीत बसणारा ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ आहे, साध्या जाहिरातींना तो पुरतोही. पण मूळ यूब्लॉकची ताकद त्यात नाही. फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवली आहे, त्यामुळे मूळ यूब्लॉक तिथे चालतो. एक्स्टेन्शनची भानगडच नको असेल तर ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये ब्लॉकर अंगचाच आहे.

प्रश्न: गूगलपासून सुटका म्हणून मायक्रोसॉफ्टचा एज घेतला. बरोबर केलं ना?

अर्धंच. एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याही मुळाशी असलेल्या खुल्या कोडवर, चालतो आणि क्रोमियमची सूत्रं मुख्यतः गूगलच्याच हातात आहेत. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हेही त्याच गोत्राचे. म्हणून तुमची सगळी माहिती गूगलकडे जाते असं नाही. एजच्या बाबतीत काळजी मायक्रोसॉफ्टची करा. इंजिनच (वेबपान उभं करणारा ब्राउझरचा गाभा) वेगळं हवं असेल तर फायरफॉक्स, किंवा ॲपलच्या उपकरणांवर सफारी. (गंमत अशी, की फायरफॉक्सच्या मोझिलाची बरीचशी कमाई गूगललाच डीफॉल्ट सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येते.)

प्रश्न: आयफोनवर सफारी सोडून क्रोम घेतला, फरक काहीच नाही!

नसणारच. युरोपीय संघासारखे अपवाद सोडले, तर आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला ॲपलचं वेबकिट इंजिनच वापरावं लागतं. क्रोमवरचे बुकमार्क आणि पासवर्ड फोनवर दिसतात, एवढाच काय तो फायदा.

प्रश्न: बदलायचं मनात आहे, पण पासवर्डचं काय?

खरं तर बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. संगणकावर नवा ब्राउझर जुन्यातले बुकमार्क आणि बहुधा पासवर्डही थेट उचलतो. नाही उचलले तर जुन्यातून सीएसव्ही फाइल काढावी लागते. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडेवाघडे असतात, नोटपॅडमध्ये कुणीही वाचावेत असे. काम झाल्याबरोबर ती डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका. पासकी (पासवर्डऐवजी फोन-संगणकाच्या लॉकने खात्यात शिरण्याची डिजिटल किल्ली) मात्र या फाइलमध्ये येत नाहीत. ज्या खात्यांना पासकी आहे तिथे नवी तयार करा आणि तोवर जुना ब्राउझर काढून टाकू नका.