उपचार संपले, रिपोर्ट चांगले आहेत, तरी आई पूर्वीसारखी का नाही?

तुम्ही लिहिलंय की आईंचं स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून चार महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण त्या दुपारभर पडून असतात आणि काहीही विचारलं तरी "बरी आहे" एवढंच म्हणतात. मीही वर्षभर हेच म्हणत होते. २०१८ मध्ये माझं डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी (लसीका ग्रंथी) काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. शेवटच्या दिवशी घरात पेढे आले. सगळ्यांनी पेढे खाल्ल्यावर आपला हात दुखतोय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून "बरं वाटतंय ना?" असं विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. वेणी घालताना हात वर जातो का, सुईत दोरा ओवता येतो का, रात्री घामाने जाग येते का, असं नेमकं विचारा.

माझ्या हाताचं दुखणं कळलं ते बांगड्यांमुळे. चैत्रातल्या हळदीकुंकवाआधी तुळशीबागेत बांगड्या भरायला गेले. उजव्या हातात अडीचच्या सहज गेल्या, डाव्या पंजावर अडकल्या. बांगडीवाल्या काकांनी साबण लावून पाहिला आणि हळूच म्हणाले, "ताई, हाताला सूज आहे." तोवर मी समजत होते की वजन वाढलंय. याला लिम्फेडेमा म्हणतात. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हातातला द्रव वाहून जायची वाट अरुंद होते आणि तो साचत राहतो. हे काही महिन्यांनी होतं, तसं काही वर्षांनीही होऊ शकतं. लवकर धरलं तर आटोक्यात राहतं. हे मला आधी कुणीच सांगितलं नाही, याचा राग आजही आहे.

मग एक फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या. त्यांनी खास मसाज शिकवला, दाबाची स्लीव्ह (हातावर चढवायची घट्ट बाही) दिली, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला लावला. आणि ज्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नकोस असं सगळे बजावत होते, त्याच हातात त्यांनी अर्धा लिटरची पाण्याची बाटली दिली. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलं तर सूज बळावत नाही, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं होतं. आता मंडईतून मी भाजी स्वतः आणते.

थकव्याचं म्हणाल तर तो झोपून जात नाही. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यात काही नसेल तर त्यांच्याबरोबर चाला. मी सारसबागेत एका फेरीपासून सुरुवात केली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला मला सात महिने लागले, मध्ये तीनदा बसून.

कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात त्या हार्मोनवरच्या गोळ्यांचं मात्र नीट बघा. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर अंगातून वाफा येतात, लेट्रोझोलसारख्या गोळीने सांधे धरतात, हाडंही विरळ होतात. कंटाळून मनानेच गोळी बंद करू देऊ नका, डॉक्टरांकडे पर्याय असतात. टॅमॉक्सिफेन घेताना उदासीवर औषध लागलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांनी तिचा परिणाम कमी होऊ शकतो. योनीच्या कोरडेपणाबद्दल आई मुलीशी बोलणार नाहीत. डॉक्टरांना भेटताना दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा, म्हणजे त्यांना बोलता येईल.

स्तन काढला असेल तर ब्लाउजचंही बघा. माझ्या शिंपीणबाईंनी न विचारता आतून मऊ कापडाचा खिसा शिवून दिला, त्यात कृत्रिम स्तन बसतो. त्या दिवशी दोन वर्षांनी मी लग्नाला साडी नेसून गेले.

त्या बाजूचा हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि आज एवढं करा: शिवणाची टेप घेऊन आईंचे दोन्ही हात मनगटापाशी आणि कोपराच्या वर मोजा, तारीख घालून लिहून ठेवा.